हालचाल आहे

"खिडकी उघडली की हा तापतो," ताई म्हणाल्या.

हा म्हणजे कॉम्प्युटर. आणि ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. एरवी मी त्यांना ताई म्हणते, भांडायचं असलं की वन्सं. त्या सकाळी त्या अजून ताईच होत्या.

"अहो, कॉम्प्युटरला खिडकीचं काय कळतंय?"

"ते तू बघ. डॉक्टर तू आहेस."

आमच्या गोतावळ्यात कॉम्प्युटरची डॉक्टर मी. पदवी कुणी दिलेली नाही. छापखान्यात टायपिंगला होते तेव्हा यंत्र अडलं की दुरुस्तीवाल्याची वाट बघत बसायचा मला कंटाळा यायचा, म्हणून उघडून बघायची सवय लागली. शिकवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे चुकल्यावर ओरडणारंही कुणी नव्हतं. एवढ्या भांडवलावर शिकले. आता कुणाचाही "सहज ये गं, गप्पा मारू" असा निरोप आला की मी पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर टाकूनच निघते.

ताईंची तक्रार अशी होती. कॉम्प्युटर नुसता चालू असतो, कुणी बोटही लावलेलं नसतं, आणि अचानक त्याचा आतला पंखा गिरणीसारखा घरघरायला लागतो. खोका हात भाजेल इतका तापतो. मग नमुना काढायला बसलं की रेघ हाताच्या मागून रखडत येते. आणि हे सगळं खिडकी उघडी असतानाच. लावून घेतली की गप्प.

आमच्या ह्यांना त्यांनी हे आधी सांगितलं होतं. हे म्हणाले, "त्याला सर्दी होत असेल." मुलाला फोनवर सांगितलं, तर तो "उन्हानं होतं, आई, लावून घे खिडकी" म्हणून मोकळा झाला.

या मुलाला घरात पिल्लू म्हणतात. चाळिशी उलटलीय, दारातून येताना खांदा तिरका करावा लागतो, पण पिल्लूच. राहतो दूर, परक्या देशात. इथे टळटळीत दुपार असते तेव्हा तिकडे उजाडत असतं. गेल्या वर्षी ताई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि मनगट मोडलं, तेव्हा धावत आला. महिनाभर राहिला. निघताना आईचा प्लास्टरमधला हात धरून म्हणाला, "आणखी एकदा पडलीस ना, की हे घर बंद. माझ्याकडे यायचं. मग वाद नको." त्याचे डोळे भरले होते, म्हणून ताई हो म्हणाल्या. मी तिथेच होते. ताईंसारखी बाई इतक्या पटकन हो म्हणाली, याचंच मला नवल वाटलं होतं.

कारण ते घर म्हणजे ताईंचं सगळं काही होतं. जन्मभर शाळेत शिवणकाम शिकवलं. नोकरी संपली, शिकवणं संपलं नाही. कपड्यांच्या कटिंगचे नमुने त्या कॉम्प्युटरवर काढतात आणि जुन्या विद्यार्थिनींना पाठवतात; त्यांतल्या कित्येकींची स्वतःची दुकानं आहेत. पाठवण्याआधी प्रत्येक नमुना खऱ्या मापाच्या खाकी कागदावर कापून बघायचा, हा ताईंचा नेम. आणि कापलेला कागद घडी करून ठेवायचा नाही, घडीवर माप चुकतं. म्हणून खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली, आणि तिच्यावर चिमट्यांनी सगळं टांगलेलं. पुढचे भाग, पाठी, बाह्या, कॉलर. पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकतो. बिनडोक्याची माणसं रांगेत उभी आहेत असं वाटतं.

मी कामाला लागले. खिडकी लावून घेतली, कारण रस्त्यावर कुणीतरी पाइप कापत होतं. खोका उघडला, धूळ काढली. एवढी निघाली की ताईंनी ती कागदावर गोळा करून ह्यांना दाखवायला ठेवली. मग एकेक तपासत गेले. व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम भलत्या वेळी तपासणी करत नाही ना? नाही. अर्धवट अडकलेलं अपडेट? नाही. मागे उघडी राहिलेली पन्नास पानं? ताईंची तीन होती, त्यांतली दोन हवामानाची.

टास्क मॅनेजर उघडला. यंत्रात या घटकेला कोण कोण काम करतंय आणि प्रोसेसरचा किती घास खातंय, ते तिथे दिसतं. आम्ही दोघी पडद्याकडे टक लावून बसलो. सगळं मिळून चार टक्के. यंत्र बाळासारखं झोपलेलं.

"बरं झालं बघा," मी म्हणाले. "धूळच होती."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, उठल्या आणि खिडकी उघडली.

वारा आत आला. चार टक्क्यांचे तीस झाले, साठ झाले, पंखा घरघरला, आणि आकडा पंचाण्णवच्या वर जाऊन बसला.

"धूळ," ताई म्हणाल्या.

मी खिडकी लावली. थोड्या वेळात उतरला. उघडली. चढला. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार, कारण ताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "तुझ्या नवऱ्याला बोलव आता. सर्दीचं औषध घेऊन."

आता मी इरेला पेटले. सगळ्यात जास्त घास कोण खातंय ते पाहिलं. नाव अगदी गरीब होतं, 'सहायक सेवा' वगैरे अर्थाचं. अशी नावं यंत्रात ढिगानं असतात, आणि कुणी त्यांच्याकडे बघत नाही. बंद केला, परत उभा राहिला. पुन्हा बंद केला, पुन्हा उभा. जो प्रोग्रॅम मारून मरत नाही, तो कुणीतरी मुद्दाम तसा बसवलेला असतो, एवढं मला माहीत होतं.

तेवढ्यात ताईंना एका बाहीचं माप बघायचं होतं. त्यांनी दोरीवरचे कागद एकेक करून उतरवले, मोठ्या टेबलावर पसरले आणि पट्टीवर डोळे रोखून बसल्या. खिडकी उघडीच होती. वारा तोच. आणि आकडा खाली यायला लागला.

मी बघतच राहिले. खिडकी उघडी, ऊन आत, आणि यंत्र गार. मग खिडकीचाही संबंध नाही?

मी खुर्ची मागे सरकवून उठले, तर आकडा चढला. थांबले. उतरला. मी एक हात वर केला. चढला. हात तसाच वर धरून श्वास रोखून उभी राहिले. हळूहळू उतरला. दुसरा हात हलवला.

"काय गं धाकटे, कवायत करतेयस?" ताईंनी विचारलं.

मी हात खाली घेतला. "ताई," मी म्हणाले, "हा आपल्याला बघतोय."

पडद्याच्या वरच्या कडेला कॅमेऱ्याचा बारीक डोळा असतो. त्याच्या शेजारी काळी चिकटपट्टी लावलेली होती. मी विचारलं, ही कुणी लावली?

"पिल्लूनं. गेल्या वर्षी. म्हणाला, आई, कॅमेरा झाकून टाकतो, उगाच कुणी बघायला नको."

मी पट्टी नखानं सोलली. खाली कॅमेरा नव्हताच. खाली होता तो कॅमेरा चालू असल्याचं सांगणारा लहानसा दिवा. तो हिरवा जळत होता. डोळा पहिल्यापासून उघडाच होता.

ताईंना समजायला वेळ लागला नाही. शिवणकाम शिकवणाऱ्या बाईंना उसवलेली शिवण कुठून सुरू झाली ते दिसतं. त्या टेबलाला हात लावून उभ्या राहिल्या. मी तो प्रोग्रॅम कुठे बसलाय ते शोधलं. आतल्या आत दडवलेलं एक फोल्डर निघालं आणि त्यात व्हिडिओचे तुकडे, किती ते मोजवेनात. कॅमेऱ्यासमोर काही हललं की तेवढ्यापुरतं चित्रण करायचं, कोण आहे ते ओळखायचं, ठेवून द्यायचं. त्यासाठी बिचारं यंत्र घाम गाळत होतं.

मी अलीकडचा एक तुकडा उघडला. कागद. वाऱ्यावर दोन पाठी आणि एक बाही डोलतेय. त्यांच्याभोवती एक पिवळी चौकट, आणि खाली लिहिलेलं: व्यक्ती.

दुसरा उघडला. पुन्हा कागद. पुन्हा व्यक्ती.

"अगं बाई," ताई म्हणाल्या, "माझ्या बाह्यांना माणसात घेतलंय की गं!" आणि आम्ही दोघी हसलो. खरं सांगते, पोट धरून हसलो. एक झब्ब्याचा पुढचा भाग एवढा झोकात वळत होता की ताई म्हणाल्या, याचं लग्न ठरवायला हरकत नाही.

मग त्यांचं हसू एकदम विझलं. "म्हणजे वर्षभर हा मला बघत होता," त्या म्हणाल्या. "मी इथे कपडे बदलते. मी इथे एकटीच बडबडत असते. मी..." त्यांनी पडद्याकडे पाठ केली. "बंद कर ते आधी. मुळासकट उपट."

मी उपटलं. या वेळी परत उभं राहणार नाही अशी सोय केली. ताई तरातरा स्वयंपाकघरात गेल्या, आणि भांडी आपटल्याचे आवाज यायला लागले. त्या रागावल्या की आधीच स्वच्छ असलेली भांडी घासतात.

फोल्डर राहिलं होतं. तेही पुसायचं, पण आधी थोडं बघावं असं वाटलं. हा माझा चौकसपणा. मी खाली खाली सरकत गेले. प्रत्येक तुकड्याचं एक लहान चित्र दिसत होतं: कागद, कागद, ताई चालताना, कागद, कागद. आणि मग एका चित्रात कागद वर होते आणि खाली, टेबलाच्या पायाशी, काहीतरी होतं.

मी ते उघडलं.

ताई टेबलाकडून वळल्या, पाय गाऊनमध्ये अडकला की काय कळलं नाही, आणि त्या आडव्या झाल्या. आवाज नव्हता. या तुकड्यांत आवाज नसतो, त्यामुळे ते आणखी वाईट दिसतं. त्यांनी टेबलाचा पाय धरला, उठायला गेल्या, सुटला. वरचं कापड ओढलं, ते सगळंच घसरून अंगावर आलं. थोडा वेळ तशाच पडल्या. मग त्यांनी हात खाली नेला आणि वर सरकलेला गाऊन घोट्यापर्यंत ओढून नीट केला. घरात कुणी नव्हतं, दार बंद होतं, तरी त्यांनी तो नीट केला.

तुकडा संपला. मी पुढचा लावला. त्याच जागी ताई. वर कागद हलत होते. पुढचा. ताई कापडाची गुंडाळी करून डोक्याखाली घेताना. पुढचा. टेबलावर फोन उजळला, ताईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, तो विझला. खिडकीतून पडलेला उन्हाचा चौकोन पहिल्या तुकड्यात त्यांच्या पायांशी होता. पुढे पुढे तो त्यांच्या अंगावरून सरकत जाऊन भिंतीवर चढला. तेव्हा कुठे त्या कोपरांवर घसटत खुर्चीपर्यंत पोचल्या.

दिवस मला आठवत होता. दोनच महिन्यांपूर्वीचा. त्या आठवड्यात त्या आमच्याकडे जेवायला यायच्या होत्या आणि "कंबर धरलीय, फार वेळ कापत बसले" म्हणून आल्या नव्हत्या. मी ह्यांच्याबरोबर मलम पाठवलं होतं.

भांडी थांबली होती. ताई दारात उभ्या होत्या.

"कुठपर्यंत पाहिलंस?"

"उठलात तिथपर्यंत."

"म्हणजे सगळंच." त्या आत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. "पुसून टाक."

"ताई..."

"त्यानं हे पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर एव्हाना मला उचलून घेऊन गेला असता. पुसून टाक, धाकटे. तू पाहिलंस, मी पाहिलं, संपलं."

"आणि परत झालं तर?"

"तर उठेन. उठलेच ना?"

"ऊन भिंतीवर चढलं होतं."

"उन्हाला काय, चढतंच ते."

मला राग आला. "वन्सं," मी म्हणाले, "तुम्ही मला एक फोन करू शकला असतात. नंतर. रात्री. मी काय लगेच त्याला कळवणार होते?"

"कळवलं असतंस," ताई म्हणाल्या. "तुझ्या पोटात काही राहत नाही. वाईट म्हणून नाही म्हणत. तू रडत रडत कळवलं असतंस." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तिकडे त्याच्या घरी मी गेले होते ना. माझ्यासाठी खोली आहे. खोलीत पलंग आहे, टीव्ही आहे. सून भली आहे, पाण्याचा पेलाही मला भरू देत नाही. तीन आठवड्यांत मी हातात कात्री धरली नाही. तिथे मी पडणार नाही, खरंय. तिथे पडायला उभं तर राहिलं पाहिजे!"

मी सगळे तुकडे निवडले. पुसायचं बटण दाबायचं तेवढं बाकी होतं, बोट त्याच्यावर होतं. आणि ताईंचा फोन वाजला.

"आई? आई! ठीक आहेस ना?"

पिल्लूचा आवाज फोनच्या बाहेर येत होता. ताईंनी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला. "मला काय झालंय? एवढ्या पहाटे कसा उठलास?"

"सहज. म्हटलं, बघू काय करतेस."

"सहज," ताई म्हणाल्या. "का तुझा पहारेकरी झोपला म्हणून जागा झालास?"

त्यानं हळूच विचारलं, "मामी आलीय का तिथे?"

"आलीय. तुझी चिकटपट्टीही सोलून झालीय."

आम्ही प्रोग्रॅम उपटून तासभर झाला होता. वर्षभरात पहिल्यांदा त्याच्याकडे ताईंच्या घरून काही आलं नव्हतं, आणि त्याचा फोन त्याला झोपेतून उठवून ओरडला होता. तेवढ्याचसाठी त्यानं ते बसवलं होतं, हे त्याच्याच तोंडून कळलं. दिवसा तास गेला आणि खोलीत काही हललं नाही, तर ओरड. एरवी दर तासाला एकच ओळ पाठव: हालचाल आहे.

"लाज नाही वाटली तुला?" ताई म्हणाल्या. "आईच्या खोलीत डोळा लावून बसलास?"

"आई, देवाशपथ, मी एकही व्हिडिओ उघडलेला नाही. एकही नाही! तुला चोरून बघावंसं नाही गं वाटलं. मी फक्त ती ओळ वाचायचो. हालचाल आहे. वाचली की कामाला लागायचो."

"मग मला विचारून लावायचंस."

"विचारलं असतं तर लावू दिलं असतंस?"

"नाही."

"मग? तू कधी काही सांगतेस का? हात मोडला तेव्हा फोनवर काय म्हणालीस? थोडा मुरगळलाय. थोडा! मामानं फोटो पाठवला तेव्हा मला कळलं." त्याचा आवाज चिरकला. एवढ्या मोठ्या पुरुषाचा आवाज असा चिरकला की ऐकवत नाही. "मी इथून काय करणार होतो, सांग ना. आणि तुला माहितीये, मला किती बरं वाटायचं? सकाळपासून संध्याकाळपर्यंत हालचाल आहे, हालचाल आहे. मी सगळ्यांना सांगायचो, आमची आई बघा, या वयात दिवसभर टेकत नाही."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. आम्ही दोघी टेबलावर पसरलेल्या खाकी कागदांकडे बघत होतो.

"पिल्लू," मी म्हणाले. एवढं तरी त्याला कळायला हवं असं मला वाटलं, आणि एवढं सांगून थांबता येईल असंही वाटलं. "अरे, ते बहुतेक कागद होते. दोरीवरचे नमुने. खिडकी उघडली की हलायचे, आणि तुझा प्रोग्रॅम त्यांनाच माणूस समजत होता."

तो हसेल असं मला वाटलं होतं. आम्ही हसलो होतो ना. पण पिल्लू लहानपणापासून हुशार.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "आई घरात नसली तरी मला हालचाल आहे असंच येत असणार. आई आजारी पडून राहिली तरी. म्हणजे वर्षभर मी... मामी, म्हणजे आई पडली असती तरी मला कळलं नसतं?"

ताई एका कागदाची दुमडलेली कड बोटानं सरळ करत राहिल्या.

"दोन महिन्यांपूर्वी एकदा मी फोन केला होता, तिनं उचलला नाही. मी ती ओळ पाहिली. हालचाल आहे होतं. म्हटलं, कामात असेल." तो थांबला. "आई, तू पडलीस का परत?"

"नाही," ताई म्हणाल्या.

लगेच म्हणाल्या, स्वच्छ आवाजात. वर्गात मुलींना मापं सांगायच्या तशा. आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागणं नव्हतं त्या नजरेत, धाकही नव्हता. नुसतं पाहिलं.

"मामी?" पिल्लू म्हणाला. "तू बघितलेस ना व्हिडिओ? तू सांग."

काय काय आलं माझ्या मनात! त्या तिथे खुर्चीत बसतील, सुनेनं भरून दिलेला पेला हातात धरून. आणि त्या इथे पडतील, पुढच्या खेपेला ऊन भिंतीवरूनही जाईल. यांतलं कोणतं कमी वाईट, हे ठरवणारी मी कोण? मी नुसती यंत्र बघायला आले होते.

पण माझ्या डोळ्यांपुढून तो गाऊन नीट करणारा हात हलेना.

"पडल्या होत्या," मी म्हणाले. "त्याच दिवशी. दुपारभर खाली होत्या."

फोनमधून तो रडतोय असं ऐकू आलं. "मी येतोय," एवढंच तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

ताई उठल्या. सावकाश, टेबलाला हात न लावता, मला दिसेल अशा उठल्या. आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी बाहेर बसून राहिले. यंत्र थंड पडलं होतं, पंखाही वाजत नव्हता, त्यामुळे घरातलं सगळं ऐकू येत होतं आणि दारापलीकडचं काहीच नाही. मी उठून दाराला कान लावला. पलंग करकरला नाही, पाऊल वाजलं नाही. हाक मारावी तर कोणत्या तोंडानं मारायची? मी कडीला हात घातला.

"दार ढकलू नकोस," आतून आवाज आला, अगदी जवळून. "मी उभी आहे."

"ताई, ऐका ना..."

"जा घरी."

मी गेले.

पिल्लू पुढच्या आठवड्यात येतोय. घराचं काय ते तो आल्यावर ठरेल. ताई माझ्याशी बोलत नाहीत. माझ्यासमोर आमच्या ह्यांच्याशी बोलतात. "तुझ्या बायकोला सांग, कॉम्प्युटर चांगला चालतोय." "तुझ्या बायकोला सांग, पिल्लूला मी कळवलंय, ये, पण रिकाम्या बॅगा आणू नकोस." मी तिथेच दोन हातांच्या अंतरावर बसलेली असते. हे इमानेइतबारे माझ्याकडे वळून सगळं परत सांगतात, आणि मी ह्यांनाच उत्तर देते. या वयात ह्यांना टपालखात्यात नोकरी लागलीय.

रोज दुपारी मात्र मी एकटी जाते. जिना चढते, बेल वाजवते. पहिल्या दिवशी वाटलं होतं, उघडणार नाहीत. उघडलं. दाराची साखळी न काढता, डोक्यापासून पायांपर्यंत दिसतील एवढं. उभ्या राहिल्या, मला नीट बघू दिलं, आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी तसंच. एकदा मी लिंबं नेली होती, ती फटीतून आत घेतली आणि दार लावलं.

मी काय बघते ते त्यांना पुरतं माहीत आहे. केस विंचरलेत का, चेहरा उतरलाय का, हे नंतर. आधी मी त्यांचा हात बघते. मोकळा लोंबतोय, की कशाला टेकलाय?

काल एकही हात कशाला टेकलेला नव्हता, एका हातात कात्री होती.

आज त्यांनी दार उघडायला नेहमीपेक्षा वेळ लावला. उभ्या होत्या, ताठ. केस विंचरलेले. उजवा हात समोर होता, मोकळा. डावा दाराच्या आड होता. मी जरा बाजूला झुकले, पण फटीतून दिसेना. ताईंनी माझं झुकणं पाहिलं, आणि दार लावून घेतलं.